फ्रान्सच्या फौजेवर हिंगणीत बैठक

फ्रान्सने समुद्रापल्याडच्या आपल्या एका बेटावरून फौज काढून घ्यावी की नाही, हे त्या दिवशी दिवेलागणीच्या आत हिंगणीत ठरायचं होतं. तळेगावचे लोक त्यापुढे थांबायला तयार नव्हते.

तळेगाव म्हणजे श्यामजी पंतांचं, आमच्याच जिल्ह्यातलं. तिथल्या एका हार्डवेअरवाल्या मुलाचं स्थळ माझ्या चुलत बहिणीला, वर्षालीला, आलं होतं. मुलगा चांगला होता. वर्षालीच्या वडिलांनी, कैलासकाकांनी, त्याच्यात खोट शोधून पाहिली. सापडली नाही म्हणून ते जरा नाराजही झाले. पण वर्षालीला चंदन पाहिजे होता. चंदन नाचणगावचा, कॉलेजात तिच्या वर्गातला, आणि गेली पाच वर्षं फ्रान्सच्या फौजेत.

हे ऐकलं की लोक दोनदा विचारतात, म्हणून मीही दोनदा सांगतो. फ्रान्सच्या. त्या देशाची एक पलटण आहे, तिच्यात बाहेरच्या देशांची पोरं घेतात. नाचणगावला लागून पुलगाव, पुलगावात आपल्या लष्कराचा दारूगोळ्याचा डेपो, त्यामुळे चंदनचं लहानपण वर्दी पाहण्यात गेलं. आपल्याकडच्या भरतीत तो दोनदा छातीत कमी पडला. फ्रान्सला तेवढी छाती पुरली. तो गेला, आणि बबनरावांनी, त्याच्या वडिलांनी, नाचणगावच्या चौकात अभिनंदनाचं बॅनर लावलं. त्यात चंदन आयफेल टॉवरपेक्षा थोडा उंच होता.

फ्रान्सने त्याला फ्रान्समध्ये ठेवला नाही. दूर समुद्रात त्यांचं एक बेट आहे, तिथे पाठवला. बेटाचं नाव आमच्या घरात कोणालाही उच्चारता येत नव्हतं, म्हणून सगळे 'बेट' म्हणायचे. बेटावरच्या लोकांना फ्रान्स नको होता आणि चंदनचं काम होतं फाटकावर उभं राहून त्यांना हे म्हणू न देणं.

काकांची अट एकच होती. पोरगा घरी येणार असेल तर सोयरीक, नाहीतर तळेगाव. आणि पोरगा कधी येणार, तर फौज निघेल तेव्हा. बबनरावांनीच तसं सांगितलं होतं. फौज काढायची का, यावर तिकडे संसदेत विचार चालू होता. म्हणून मग आमच्याकडे बैठक बोलावली.

बैठक चार वाजता बसली. काकांच्या ओसरीवर सतरंजी, मधे पाट, पाटावर हळदीकुंकू आणि एक अख्खी सुपारी. आमच्याकडे मुलीकडच्या वडीलधाऱ्याने दोन्हीकडच्यांसमोर सुपारी फोडली की सोयरीक पक्की. त्यानंतर नाही म्हणणारं घर पुढे कितीतरी वर्षं लोकांच्या बोलण्यात राहतं. वडीलधारे म्हणून आजीचे भाऊ नत्थूजी आले होते. त्यांच्या कनवटीला अडकित्ता कायम असतो. नाचणगावहून बबनराव आणि त्यांच्या पत्नी सीताबाई. सीताबाईंच्या हातात फोन होता आणि तो त्या खाली ठेवत नव्हत्या. कालपासून चंदनचा फोन लागत नव्हता.

मी पोहे आणायला आत गेलो. वर्षाली कांदा चिरत होती. पोहे कधीच झाले होते, त्या कांद्याचं काहीच काम नव्हतं.

"स्वप्निल, तू पाह्यलं ना सकाळी?" तिने खालीच पाहत विचारलं.

पाहिलं होतं. बेटावर रस्ते अडवले होते, टायर जाळले होते, आणि छावणीच्या फाटकावर दोन शिपाई जखमी झाले होते. नावं दिली नव्हती. फोनवर फ्रेंच बातमी मराठी करून वाचता येते हे घरात मलाच माहीत आहे असं मी समजत होतो.

"त्याच्या मायले सांगू नको," ती म्हणाली. "अन् बाबाले तं बिलकुलच नको. पोहे ने."

मी पोहे नेले.

बाहेर बबनरावांनी सुरुवात केली होती. "फ्रान्स काढूनच राह्यला फौज. दोन महिन्यांत बेट खाली."

"कोन म्हनते?" काका म्हणाले.

"पेपरात आहे."

"पेपरात विचार चालू आहे असं आहे," मी म्हणालो. परराष्ट्र खातं माझ्याकडे होतं.

"विचार तं माहाबी चालू हाये," काका म्हणाले. "विहिरीवरची मोटार बदलाचा. सात वर्सं झाले."

"मोटार येगळी, फौज येगळी, कैलासभाऊ. फ्रान्स मोठा देश आहे. शब्दाचा पक्का."

"तुमी गेल्ते का तठी?"

"पोरगा आहे ना माहा!"

असं म्हणून बबनरावांनी सीताबाईंच्या हाताकडे पाहिलं. सीताबाईंनी फोनचं बटण दाबून पाहिलं. वेळ दिसली, दुसरं काही दिसलं नाही.

नत्थूजी आतापर्यंत पोहे खात होते. त्यांनी ताटली बाजूला सरकवली. "मले एक सांगा बाप्पा. हे बेट फ्रान्सचं हाये?"

"हो," मी म्हणालो.

"म्हंजे सापडलेलं का घेतलेलं?"

"घेतलेलं."

"तठी लोक होते आंधी?"

"होते."

"मंग कायले सोडते तो?" नत्थूजींनी काकांकडे पाहिलं. "अठी मानूस नांगराचे दोन तास सोडत नाई. दरसाल धुरा इतभर सरकवते. सरकवलेला धुरा कोनं मांगं नेला असं मी तं पाह्यलं नाई."

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. नत्थूजींचं वावर काकांच्या वावराला लागून आहे. मधला बांध, म्हणजे धुरा, गेल्या काही वर्षांत नत्थूजींच्या बाजूला गेला आहे. नत्थूजी म्हणतात काकांनी सरकवला. काका म्हणतात पावसाने.

"नत्थूमामा, फ्रान्सचं बोला," काका म्हणाले.

"फ्रान्सचंच बोलून राह्यलो. फ्रान्सनं तठी कपाशी लावली का तूर, थे तूच जाने."

"आता इतके वर्सं वाह्यली जमीन, खत टाकलं, निंदन केलं, त्याचं काई हाये का नाई?"

"खत टाकल्यानं वावर आपलं होते?"

"मंग का पडीत ठेवाचं व्हतं?"

"ज्याचं त्यानं ठेवलं असतं पडीत! तुले कोनं बलावलं व्हतं?"

बबनराव घाईघाईने मधे पडले. "पाहा, नत्थूजी म्हणून राह्यले तेच मी म्हणून राह्यलो. फौज काढाले पाह्यजे."

"काढाले पाह्यजे," काका म्हणाले, "पन काढत नाई थे. मी सांगतो तुमाले. मानूस बसला का बसला. फ्रान्सच्या जागी मी असतो तं म्याबी काढली नसती."

हे त्यांनी लेकीच्या भल्यासाठी म्हटलं होतं. पण नत्थूजींनी ते तसं घेतलं नाही. त्यांचा आवाज चढला. "काऊन नाई काढत? कोनाच्या बापाचं बेट हाये? काढा म्हनतो मी! आजच्या आज काढा!"

आणि कट्ट असा आवाज झाला.

सगळ्यांनी पाटाकडे पाहिलं. पाटावर हळदीकुंकू होतं. सुपारी नव्हती. नत्थूजी भांडताना सुपारी कातरतात, हे आमच्या घरी सगळ्यांना ठाऊक आहे. बांधाच्या भांडणात त्यांनी आजवर पोतंभर कातरली असेल. अर्धी त्यांच्या हातात होती, अर्धी गालात.

"थुका," काका म्हणाले.

नत्थूजी थुंकले नाहीत. त्यांनी चावलीही नाही. गाल तसाच फुगवून ते बसून राहिले.

"थुकून काय होते?" दारातून आजी म्हणाली. अनुसयाआजी बैठकीत बसत नाही, पण बैठक तिच्या परवानगीशिवाय उठत नाही. "फुटली थे फुटली."

बबनराव उठले. दोन्ही हात पसरून, व्याह्याला भेटावं तसे, म्हणाले, "इवाई!"

काका जागचे हलले नाहीत. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, रागाने.

"बसा, बबनराव," ते हळू आवाजात म्हणाले. "तुमचा पोट्टा जिता हाये का, थे आंधी पाहा. मंग इवाई म्हना."

बबनरावांनी पसरलेले हात खाली घेतले.

"काल फाटकावर दोन पोट्टे जखमी झाले तठी. हिंदी बातम्यात खाली पट्टी चालते, मी वाचतो ना. तुमचा फोन कालपासून लागत नाई. मी दोपारपासून फ्रान्स-फ्रान्स करून राह्यलो, तं कायले करून राह्यलो? फोन लागेपर्यंत सुपारी फुटू नये म्हनून."

सीताबाईंनी माझ्याकडे पाहिलं. परराष्ट्र खात्याकडे. "कोन हाये थे दोघं?"

"नावं दिली नाहीत, मावशी."

"तुले ठाऊक व्हतं?"

मी पोह्यांच्या ताटल्या गोळा करायला लागलो. वर्षाली आतून आली आणि सीताबाईंच्या शेजारी सतरंजीवर बसली. ठरलेल्या रिवाजाप्रमाणे तिने अजून बाहेर यायचं नव्हतं. त्या वेळी कोणाला ते सुचलंही नाही. तिने सीताबाईंच्या हातातला फोन घेतला आणि लावला. लागला नाही. पुन्हा लावला. नत्थूजींचा गाल अजून फुगलेलाच होता.

तिसऱ्यांदा रिंग गेली.

इतका वेळ वाजत राहिली की बबनरावांनी भिंतीला हात टेकला. मग पडद्यावर आधी आभाळ दिसलं, मग एक पत्र्याचं छप्पर, मग चंदन.

"हॅलो? माय?"

सीताबाई रडल्या नाहीत. त्यांनी फोन डोळ्यांजवळ नेला. "भिवईले काय झालं?"

"काई नाई. दार लागलं."

"कोनतं दार?"

"लोखंडाचं." त्याच्या भुवईवर पट्टी होती आणि ती ताजी होती. "फोन जमा करून घेतलते सगळ्यायचे. आत्ता दिले. इथं सकाळ हाये. माय, मी बरा हाये. ते दोघं माह्याच खोलीतले व्हते. दवाखान्यात हायेत."

त्याच्या मागून गलका ऐकू येत होता. शंभर माणसं एकच गोष्ट म्हणत असावीत तसा.

"तठी काय चालू हाये?" काकांनी विचारलं.

"लोक हायेत, काका. फाटकाबाहेर. काल रात्रीपासून."

"फौज निघते का नाई?"

"साहेबाले बी ठाऊक नाई."

मग वर्षालीने फोन आपल्याकडे वळवला. ती एवढंच म्हणाली, "चंदन, फौज राह्यली तं तुले राहावंच लागते का?"

त्याने मागे वळून पाहिलं. गलका चालूच होता.

"माह्या कराराची पाच वर्सं या हप्त्यात भरून राह्यली," तो म्हणाला. "आज हजेरीच्या टायमाले साहेब ज्यायची भरली त्यायले एकेकाले इचारते. थांबतो का जातो."

"म्हंजे तू निघू शकतो."

"हो."

"फौज राहो का जावो."

"हो."

काकांनी बबनरावांकडे पाहिलं. बबनराव पाटाकडे पाहत होते.

"तुमाले ठाऊक व्हतं," काका म्हणाले.

"मीच म्हणलं त्याले थांब म्हणून," बबनराव म्हणाले. "पोरगा बिन-नोकरीचा घरी आला असता तं तुमी हो म्हणलं असतं का? खरं सांगा. अन् नाचणगावात काय तोंड दाखवू? मी बॅनर लावलं हाये, कैलासभाऊ. मोठं."

म्हणजे दुपारपासून आम्ही ज्या फौजेसाठी भांडत होतो तिच्या निघण्याशी चंदनच्या येण्याचा संबंधच नव्हता. फ्रान्स बिचारा फुकट मधे आला होता.

"हजेरी कवा हाये?" वर्षालीने विचारलं.

"आत्ताच. शिट्टी होईल."

आजीने तेवढ्यात फोन मागितला. कोणी नाही म्हणालं नाही. तिने तो उलटा धरला, मी सुलटा केला. "चंदन, बापू, थे बाहेरचे लोक कोन हायेत रे?"

"इथलेच, आजी. एक म्हातारी हाये, ते तं रोज येते. खुर्ची आणते घरून, फाटकासमोर बसते. दोन वर्सं झाले. छावणीच्या खाली तिचं वावर हाये म्हनते."

आजीने फोन जवळ घेतला. "धरनात आमचं वावर गेलं, तवा माही माय अशीच पान्याच्या काठाले जाऊन बसे," ती म्हणाली. "तिले कोनी काई इचारत नव्हतं. तुमी इचारलं का त्या बाईले काई?"

"बोलाची मनाई हाये, आजी."

"तुले हाये. मले कोनं केली? दाखव तिले."

चंदनने इकडेतिकडे पाहिलं. मग चित्र हलायला लागलं. बूट, गिट्टी, वाळूची पोती, आणि मग फाटकाच्या लोखंडी जाळीपलीकडे एक काळीसावळी म्हातारी, डोक्याला रुमाल, प्लास्टिकच्या खुर्चीत. तिच्या मागे माणसंच माणसं. कोणीतरी ओरडलं. जाळीवर काहीतरी येऊन आदळलं आणि आमच्याकडे सीताबाई मागे सरकल्या.

"चंदन, मांगं हो!" वर्षाली ओरडली.

तो मागे झाला नाही. त्याने फोन जाळीला लावला. म्हातारीने वाकून पाहिलं. तिला त्यात हिंगणीची ओसरी दिसली असणार: नऊवारीतली आमची आजी, पांढरेफटक काका, गाल फुगवलेले नत्थूजी.

"राम राम बाई," आजी म्हणाली.

म्हातारी तिच्या भाषेत काहीतरी म्हणाली. बऱ्यापैकी लांब बोलली. मागचा गलका थोडा कमी झाला. लोकांना ती कोणाशी बोलते आहे हे पाहायचं होतं.

"काय म्हनते?" आजीने विचारलं.

चंदनने फोन आपल्याकडे वळवला. "इचारून राह्यली, हे कोन लोक हायेत. मी म्हनलं, घरचे. तं म्हनते, याचं घर हाये तं मंग. मले वाटलं नसन म्हनून इथं येऊन राह्यला."

तेवढ्यात शिट्टी झाली. दोनदा.

"चंदन," वर्षाली म्हणाली, "फोन बंद करू नको."

पडदा काळा झाला. त्याने फोन खिशात टाकला होता, चालूच. आम्हाला बुटांचे आवाज ऐकू आले, मग एकदम शांतता, मग एका माणसाचा करडा आवाज. तो एक नाव घ्यायचा, प्रश्न विचारायचा, एक पोरगा उत्तर द्यायचा. पुन्हा नाव. उत्तरं दोन प्रकारची होती, पण कोणतं म्हणजे थांबतो आणि कोणतं म्हणजे जातो, हे ओसरीवर कोणालाच कळत नव्हतं. सगळे माझ्याकडे पाहू लागले. माझा फोन लिहिलेलं मराठी करतो. खिशातलं करत नाही.

मग चंदनचं नाव आलं. त्या माणसाने ते पार वेगळंच घेतलं, तरी सीताबाईंनी ओळखलं. त्यांनी वर्षालीचा दंड धरला.

प्रश्न झाला. उत्तर आलं नाही. प्रश्न पुन्हा झाला, जरा मोठ्याने.

चंदन बोलला. दोन-तीन शब्द होते.

"थांबतो म्हनला," बबनराव म्हणाले. त्यांच्या आवाजात आनंद नव्हता.

"जातो म्हनला," सीताबाई म्हणाल्या.

"कशावरून?"

"माहा हाये थो."

नत्थूजींना काहीतरी म्हणायचं होतं, पण तोंडात सुपारी होती. पुढची नावं चालूच राहिली. काका उठून ओसरीच्या टोकाला गेले आणि पाठमोरे उभे राहिले. वर्षालीचे डोळे काळ्या पडद्यावर होते. त्या पलटणीत पोरं फार होती. सगळ्या जगातली होती आणि त्या साहेबाला घाई नव्हती.

शेवटी बूट वाजले, आणि पडद्यावर उजेड आला.

"निघतो मी," चंदन म्हणाला.

कोणी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत. सीताबाईंनी पदर तोंडाला लावला. बबनराव खाली बसले. बहुधा बॅनरचा विचार करत होते.

काका परत आले आणि फोनसमोर वाकले. "अठी येऊन काय करशीन?"

"ठाऊक नाई, काका."

"वावर करशीन?"

"ठाऊक नाई."

"दुकान?"

"खरंच ठाऊक नाई."

मला वाटलं, संपलं. काका मान हलवत राहिले. मग म्हणाले, "बरं. ठाऊक झालं का सांगजो. पन फोनवर नोको सांगू. अठी, माह्यासमोर बसून सांगजो."

"अन् मी हो म्हनलं असं समजू नको," वर्षाली मधेच म्हणाली. "थांब म्हनलं तुले तुह्या बाबानं, अन् तू मले सांगतलं नाई. आधी ये. मंग मी काय म्हनाचं थे म्हनीन."

"हो," चंदन म्हणाला. "येतो."

फोन ठेवल्यावर काकांना तळेगाव आठवलं. बाहेर ऊन उतरलं होतं. त्यांनी घाईने नंबर लावला, दोनदा खाकरले, आणि अतिशय नम्र आवाजात सुरुवात केली, "हा, नमस्कार जी, हिंगनीहून कैलास बोलतो. आमाले जरा उशीर—" मग ते थांबले. बराच वेळ ऐकत राहिले. "असं का," म्हणाले. "सकाळी? बरं बरं. नाई, मले बोलली नाई थे."

त्यांनी फोन खाली घेतला आणि वर्षालीकडे पाहिलं.

"तू सकाळीच नाई म्हनून सांगतलं त्यायले?"

"हो."

"चंदन येते का नाई, थे ठाऊक नसतानी?"

"त्याचं येगळं, बाबा. तळेगावचं येगळं."

काका पाटापाशी मटकन बसले. "मंग दोपारपासून आपन हे काय करून राह्यलो व्हतो?"

"फ्रान्सचं पाहून राह्यलो व्हतो," आजी म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.